जिल्हापत्रांचे गठ्ठे: खानदेशातील वृत्तपत्रे आणि त्यांच्या शोधाच्या वाटा

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास शिकवताना आपण सर्वसाधारणपणे एका ठरलेल्या वाटेने जातो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण', २४ ऑक्टोबर १८४१ रोजी भाऊ महाजनांचे 'प्रभाकर', १८४९ मध्ये पुण्याचा 'ज्ञानप्रकाश', १८६२ मध्ये मुंबईचा 'इंदुप्रकाश', १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांचा 'दीनबंधु' आणि ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी'. १८४२ पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदया'चा अहमदनगरशी असलेला संबंध सोडला, तर ही सगळी यादी दोनच शहरांत फिरते. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि नकळत असा समज घेऊन बाहेर पडतात की एकोणिसाव्या शतकात विचार करणारा, वाद घालणारा, तक्रार करणारा महाराष्ट्र पुणे आणि मुंबई या दोन ठिकाणीच राहत होता.

या समजाचे एक कारण वैचारिक आहे. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरे कारण मात्र अगदी व्यावहारिक आहे आणि त्याची चर्चा आपण क्वचितच करतो. पुण्या-मुंबईच्या पत्रांच्या फायली राहिल्या. जिल्ह्यांतल्या पत्रांच्या फारशा राहिल्या नाहीत. ज्यांच्या राहिल्या त्यांचा इतिहास झाला. शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या व शिकणाऱ्या माणसाला हा प्रश्न दूरचा वाटत नाही. आपल्या गावाविषयी शंभर वर्षांपूर्वी कोणी काय छापले होते, हे पाहायचे असेल तर कोठे जावे, या साध्या प्रश्नापाशी तो अडतो. प्रस्तुत लेखात खानदेश हे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करायचा आहे.

खानदेशचा छापील संसार

आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी शहादा धुळे जिल्ह्यात होते, त्याआधी पश्चिम खानदेशात, आणि १९०६ पूर्वी अखंड खानदेश जिल्ह्यात. वृत्तपत्रांच्या शोधात हा प्रशासकीय तपशील पहिल्या महत्त्वाचा आहे. 'नंदुरबार जिल्हा' या नावाखाली शोध घेणाऱ्याला १९९८ च्या मागे काहीच सापडणार नाही. तेथून मागे 'धुळे', आणखी मागे 'पश्चिम खानदेश' आणि सर्वांत मागे नुसते 'खानदेश' या नावाखाली पाहावे लागते. ग्रंथालयांच्या याद्यांतही पत्राची नोंद ज्या काळी झाली, त्या काळचेच जिल्ह्याचे नाव बहुधा राहून गेलेले असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात मराठी साप्ताहिके निघू लागली होती. धुळ्याचे 'खानदेशवैभव' व 'आर्यावर्त' आणि जळगावची 'प्रबोधचंद्रिका' ही त्यांतली ठळक नावे. ही पत्रे लहान होती. अशा जिल्हापत्रांचा खप बहुतेक वेळा शेकड्यांत मोजण्याइतकाच असे. संपादक, मालक, मुद्रक आणि अनेकदा हिशेबनीसही एकच व्यक्ती असायची. पण खपाच्या आकड्यावरून वाचकांची संख्या ठरवणे चुकीचे ठरेल. एक अंक कचेरीत, वाचनालयात, शाळेत आणि वाड्याच्या ओसरीवर फिरे. एक वाची आणि दहा ऐकत. ऐकणाऱ्यांची गणती कोणत्याच सरकारी तक्त्यात होत नसे.

साहित्याच्या अभ्यासकाला खानदेशातील नियतकालिकांची आठवण राहते ती मुख्यत्वे 'काव्यरत्नावली'मुळे. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ ते १९३५ अशी सुमारे अर्धशतकभर ही मासिकपुस्तिका चालवली. केवळ कवितेला वाहिलेले मासिक मुंबई-पुण्यापासून इतक्या लांबच्या गावातून इतकी वर्षे निघावे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांनी नोंदवली आहे. तिचा अर्थ मात्र पुरेसा लावलेला नाही. १९०७ मध्ये याच जळगावात कविसंमेलन भरले आणि तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 'बालकवी' हे नाव मिळाले. आधुनिक मराठी कवितेच्या घडणीत एका जिल्ह्याच्या गावच्या छापखान्याचा हा वाटा आहे. जेथे छापखाना, टपाल आणि वर्गणीदार यांची घडी एकदा बसते तेथे कवितेचे मासिकही तग धरू शकते. म्हणून 'काव्यरत्नावली'चा अभ्यास खानदेशातील साप्ताहिकांपासून तोडून करणे योग्य नव्हे.

विसाव्या शतकात आणखी एक धागा दिसतो. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' लिहीत. पुढे १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहूनच 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. एक पत्र हाताने लिहिलेले, एका वसतिगृहापुरते. दुसरे छापलेले, साऱ्या खानदेशातील शेतकरी-कामगारांना उद्देशून. दोहोंमागचा माणूस एक आणि गद्याची धाटणीही पुष्कळशी एक. कोणत्याही कायद्याने हस्तलिखित दैनिकाची प्रत जमा करून घेतली नव्हती. त्यातले जे टिकले ते केवळ कोणाला तरी ते जपावेसे वाटले म्हणून.

शहादे या सगळ्या छापील संसाराच्या कडेला होते. धुळे, जळगाव व अमळनेर तापीच्या दक्षिणेला. शहादे उत्तरेला, गोमाईच्या काठी, सातपुड्याच्या पायथ्याशी. तापी खोऱ्यातला लोहमार्ग दोंडाईचा-नंदुरबारवरून गेला, शहाद्याला तो आला नाही. धुळ्याच्या साप्ताहिकाला शहाद्याची बातमी मिळे ती तेथल्या एखाद्या पत्रलेखकाकडून. हा पत्रलेखक बहुतेक वेळा लिहिता-वाचता असलेला पेशेवाईक माणूस असणार: शिक्षक, वकील किंवा कारकून. सातपुड्यातील भिल्ल, पावरा वा मावची माणूस त्या पत्रात येई तो बहुधा गुन्हा, दुष्काळ, साथ किंवा यात्रा यांच्या निमित्ताने. तोही स्वतःच्या भाषेत नाही, प्रमाण मराठीत आणि दुसऱ्याच्या तोंडून. ही मर्यादा शोधाला लागण्यापूर्वीच लक्षात घेतली पाहिजे. फाइल सापडली तरी तिच्यात सगळेच सापडेल असे नाही.

सरकारने ठेवलेली नोंद

ज्या जिल्हापत्रांचे मूळ अंक मिळत नाहीत त्यांच्याविषयी आज जे काही कळते ते पुष्कळ अंशी त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारमुळे कळते. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापखाने व पत्रे यांच्या चालकांना दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करणे भाग पडले. छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारजमा होऊन त्यांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. हा कायदा थोड्याफार दुरुस्त्यांसह दीड शतक चालला. २०२३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि नवा कायदा मार्च २०२४ पासून अमलात आला. मूळ कायद्यात प्रती जमा करण्याची आणि सूची करण्याची व्यवस्था होती ती पुस्तकांसाठी. पत्राच्या चालकाचे नाव-गाव सरकारला हवे होते. पत्र जपून ठेवण्याची काळजी त्या कायद्यात नव्हती. स्वातंत्र्यानंतरही क्रम असाच राहिला. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात आधी पुस्तके आली आणि वृत्तपत्रांचा समावेश १९५६ च्या दुरुस्तीने झाला.

पत्रांसाठी सरकारने वेगळी व्यवस्था केली. १८६८ च्या सुमारापासून मुंबई इलाख्यातील देशी पत्रांतील निवडक मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार होऊ लागला. सरकारी भाषांतरकाराच्या कार्यालयात पत्रे येत. त्यांतला राज्यकारभाराशी संबंधित मजकूर वेचून, संक्षेप करून, विषयवार मांडून तो अधिकाऱ्यांमध्ये फिरवला जाई. या अहवालांना जोडलेल्या तक्त्यांत पत्राचे नाव, गाव, साप्ताहिक की मासिक, खप आणि पुढच्या काळात संपादकाचे नाव, जात व वय इतका तपशील असे. खानदेशातल्या पत्रांची नावेही या तक्त्यांत भेटतात. मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात हे अहवाल पाहता येतात, आणि त्यांचा काही भाग आता महाजालावरही उपलब्ध झाला आहे.

या साधनाचा उपयोग मोठा आहे, पण ते वापरण्याची रीत मराठीच्या विद्यार्थ्याला आवर्जून शिकवायला हवी. पहिली गोष्ट, हा गोषवारा आहे, मूळ लेख नव्हे. उपरोध, म्हण, लोकोक्ती, शैलीतला तिरकस सूर हे सारे इंग्रजी संक्षेपात गळून जाते. एखाद्या संपादकाने अन्योक्तीने घेतलेला चिमटा 'लेखक असमाधान व्यक्त करतो' अशा कोरड्या वाक्यात संपतो. दुसरी गोष्ट, निवड सरकारच्या काळजीनुसार झालेली आहे. महसूल, जंगलखाते, पोलीस, अधिकाऱ्यांचे वर्तन, राजकीय चळवळी यांवरचे लेख येतात. नाटकाचे परीक्षण, कविता, शाळेचा बक्षीस समारंभ, बाजारभाव येत नाहीत. म्हणजे साहित्याच्या अभ्यासकाला जे हवे नेमके तेच वगळलेले असते. तिसरी गोष्ट, अहवालावरची तारीख त्या आठवड्याची असते. पत्राच्या अंकाची तारीख उताऱ्यापाशी स्वतंत्रपणे दिलेली असते. दोहोंची गल्लत झाली की चुकीचा संदर्भ पुढच्या दहा प्रबंधांत तसाच उतरत जातो.

असे असले तरी या अहवालांची किंमत कमी लेखता येत नाही. 'दीनबंधु'सारख्या पत्राचे अंक दुर्मीळ असल्याने सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासकांनाही या सरकारी गोषवाऱ्यांचा आधार घ्यावा लागला आहे. पाळत ठेवणाऱ्याच्या वहीतून पाळतीखालच्या माणसाचा आवाज ऐकायचा, अशी ही विचित्र स्थिती आहे. ती मान्य करून, सावधपणे, हे काम करता येते.

फायली कोठे आहेत

मराठी पत्रांचा मागोवा घेणाऱ्याने आधी कागदी सूच्या पाहाव्यात. शं. ग. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची आणि रा. के. लेले यांचा मराठी वृत्तपत्रांचा इतिहास, ही दोन साधने हाताशी नसतील तर पुढचा शोध आंधळा होतो. पत्र कोणत्या वर्षी निघाले, कोठे छापले गेले, नाव कधी बदलले, हे कळल्याशिवाय ग्रंथपालाकडे काय मागायचे हेच ठरत नाही.

त्यानंतर संस्था. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, पुण्याचा केसरीवाडा ही नावे परिचित आहेत. एशियाटिक सोसायटीने आपल्या दुर्मीळ संग्रहाचा काही भाग 'ग्रंथसंजीवनी' या संकेतस्थळावर आणला आहे. खानदेशच्या अभ्यासकाने मात्र धुळ्यापासून आरंभ करावा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले आणि त्यांच्या संग्रहाभोवती राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. मंडळाचे 'संशोधक' हे त्रैमासिक खानदेशच्या स्थानिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये स्थापलेली सत्कार्योत्तेजक सभा आणि पुढे उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर ही धुळ्याचीच. रामदासी वाङ्मयाच्या संग्रहासाठी त्यांची ख्याती आहे, परंतु खानदेशातील वाचन-प्रकाशनव्यवहार समजून घेतानाही त्यांची वाट टाळता येत नाही.

एक अडचण स्वातंत्र्योत्तर काळाबाबत विशेष जाणवते. मोठी दैनिके जिल्हावार आवृत्त्या काढू लागल्यानंतर एकाच पत्राचे, एकाच दिवसाचे अंक गावोगाव वेगळे होऊ लागले. मुंबईच्या ग्रंथालयात त्या पत्राची फाइल आहे असे कळते, आपण आनंदाने जातो, आणि तेथे मुंबई आवृत्ती निघते. शहाद्याची बातमी असलेले पान जळगावी किंवा धुळ्याला छापले गेलेले असते. यादीत 'फाइल पूर्ण' असे लिहिलेले असूनही आपल्यासाठी ती रिकामी असते. म्हणून संदर्भ देताना पत्राचे नाव व तारीख यांच्या जोडीला आवृत्तीचे गाव आणि पृष्ठांक देण्याची शिस्त आपण प्रबंधलेखनात लावायला हवी.

शब्द शोधताना

महाजालावर अंकांच्या प्रतिमा आल्यापासून विद्यार्थ्यांची एक समजूत झाली आहे: खिडकीत शब्द टाकावा, उत्तर आले तर ते आहे, आले नाही तर नाही. ही समजूत मोडण्यासाठी मराठीच्या अध्यापकाइतका योग्य माणूस दुसरा नाही, कारण यातल्या बहुतेक अडचणी भाषेच्या आणि लिपीच्या आहेत.

जुनी अनेक पत्रे शिळाछापावर निघत. शिळाछापाचे पान म्हणजे वस्तुतः कोणाचे तरी हस्ताक्षर. खिळ्यांच्या देवनागरीवर बेतलेली अक्षरओळख तेथे अडखळते. खिळ्यांच्या छपाईतही जुनी जोडाक्षरे, झिजलेले टाइप, फुटलेल्या मात्रा, पलीकडच्या पानाची झिरपलेली शाई या गोष्टी यंत्राला फसवतात.

त्यानंतर शुद्धलेखन. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे नियम स्वीकारले गेले आणि व्युत्पत्तिनिष्ठ अनुस्वार गेले. त्याआधीच्या पानावर 'केले' नसते, 'केलें' असते. 'पुणे' नसते, 'पुणें' असते. तसेच 'धुळें' आणि 'शहादें'. यंत्राच्या लेखी हे निराळे शब्द. शिवाय 'शहादा' आणि 'शहादे', 'नंदुरबार' आणि 'नंदूरबार', 'खानदेश' आणि 'खान्देश', 'भिल्ल' आणि 'भील' अशी रूपे एकाच काळात नांदत होती. शोधणाऱ्याने ही सगळी रूपे आधी कागदावर मांडून, एकेक करून टाकली पाहिजेत. ज्याला मराठी लेखनाचा इतिहास ठाऊक आहे तोच हे करू शकेल.

कालगणना हाही असाच विषय. जुन्या पत्रांवर शकाचे वर्ष व तिथी भेटते. शकात चैत्रापासून पौषापर्यंत सामान्यतः ७८ मिळवावेत, इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरच्या भागात ७९. दुष्काळाच्या आठवणीत 'छप्पनचा काळ' असा उल्लेख आला तर तो विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी १८९९-१९००. त्याचा शकाशी संबंध नाही. पत्राचा वार ठाऊक असला की तारीख पडताळता येते. 'केसरी'चा पहिला अंक मंगळवारचा, 'प्रभाकर'चा रविवारचा. लोकहितवादींच्या पत्रांचा आरंभ १९ मार्च १८४८ चा सांगितला जातो. तो दिवस रविवारच होता. इतकी साधी पडताळणी केली तरी संदर्भांतल्या कित्येक चुका जागच्या जागी थांबतील.

सर्वांत अनपेक्षित अडचण मात्र अगदी अलीकडच्या काळाची आहे. १९९० नंतर वृत्तपत्रे संगणकावर जुळवली जाऊ लागली, पण युनिकोड रूढ होईपर्यंत प्रत्येक अक्षरसंचाची संकेतप्रणाली वेगळी होती. त्या काळच्या संगणकीय फायली आज उघडल्या तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसतो; प्रतिमा दिसली तरी तिच्यातला शब्द शोधता येत नाही. नंदुरबार जिल्ह्याची निर्मिती नेमकी याच काळातली. त्यामुळे १८८१ मधल्या एखाद्या पानाची नीट काढलेली प्रतिमा वाचणे आज सोपे, आणि १९९८ मधले जिल्हापान शोधणे अवघड, अशी उलटी परिस्थिती होऊन बसली आहे. कागदी अंक रद्दीत गेले, कारण 'संगणकात आहेच' असे वाटले. संगणकातले वाचता येत नाही, कारण त्याची किल्ली हरवली.

शहादा १९७१: दोन शब्दांमधले अंतर

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शहाद्याच्याच इतिहासात आहे. २ मे १९७१ रोजी शहादा तालुक्यातील पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला. दुष्काळाचे दिवस होते, धान्याचा प्रश्न होता आणि त्यामागे जमिनी हातातून गेल्याचा, सालदारकीचा दीर्घ इतिहास होता. या घटनेनंतर सर्वोदयी कार्यकर्ते व शहरांतून आलेले तरुण येथे पोहोचले. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याचे नेतृत्व ठळक झाले, ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. १९७४ मध्ये अंबरसिंग गेले. १९७४ चाच अन्यसंक्रमित जमिनी आदिवासींना परत देण्याविषयीचा कायदा या काळाच्या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिलेला निबंध जगभर वाचला गेला.

आता एखाद्या विद्यार्थ्याने १९७१ च्या वृत्तपत्रांत ही घटना शोधायची ठरवले, तर त्याने कोणता शब्द घ्यावा? 'गोळीबार' घेतला तर एक प्रकारचा मजकूर हाती येईल. 'लूट', 'दरोडा', 'धान्याची पळवापळव' घेतले तर दुसऱ्या प्रकारचा. घटना एकच, दिवस एकच, पण ती कोणत्या नावाने छापली जावी याचा झगडा त्या नावातच चाललेला असतो. एकाच शब्दाने शोधणारा अभ्यासक त्या झगड्यात नकळत एका बाजूला उभा राहतो. म्हणून दोन्ही शब्दांनी शोधावे आणि कोणते पत्र कोणता शब्द किती दिवस वापरते, हेच आपल्या टिपणात उतरवावे. २ मे हा रविवार होता. दैनिकांत सोमवारपासून पुढे निदान पंधरवडाभर पाहावे आणि साप्ताहिकांत काही महिने. पुण्याच्या 'माणूस' साप्ताहिकाने व 'मागोवा'सारख्या मासिकाने या प्रदेशाकडे लक्ष दिले; त्यांतले लेखन दैनिकातील बातमीशेजारी ठेवून वाचल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

बातमीच्या पलीकडेही पाहिले पाहिजे. जिल्हापत्रांतील 'जाहीर नोटीस', लिलावाच्या सूचना, खरेदीखतांविषयीच्या हरकती या सदरांकडे आपण जाहिराती म्हणून दुर्लक्ष करतो. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली याची एक क्षीण, पण तारीखवार नोंद तेथे असते. अग्रलेखापेक्षा ही सदरे कधीकधी अधिक बोलकी ठरतात.

काही वेळा पत्राचे मौनही वाचावे लागते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता व त्याचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. तो काळ आंदोलनाच्या बातम्यांवरील निर्बंधांचा होता. निषेध म्हणून काही पत्रांनी प्रकाशनच थांबवले होते. जून १९७५ नंतर पुन्हा पूर्वनियंत्रण आले. अशा काळात बातमी न सापडणे म्हणजे घटना न घडणे नव्हे, हे शोधणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मौनाच्या आधीचा व नंतरचा अंक शेजारी ठेवावा. कोणते सदर आक्रसले, कोणते अचानक फुगले, ते पाहावे.

आणि हे सगळे करूनही एक जागा रिकामी राहतेच. शहाद्याच्या चळवळीतूनच पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आपण अभ्यासक्रमात शिकवतो. आदिवासींचे दुःख आदिवासींनाच व्यासपीठावरून दुसऱ्यांनी ऐकवावे, हा तिचा विषय आहे. वृत्तपत्रांच्या फायली चाळताना ही कविता मनात असावी. वृत्तपत्र हेही एक व्यासपीठच होते आणि त्यावर कोणाला चढू दिले गेले, हे प्रत्येक पानावर दिसते. म्हणून छापील फाइलीच्या जोडीला मौखिक साधने हवीत: चळवळीची गाणी, सभांच्या आठवणी, भिली-पावरीतले कथन. छापील मजकूर आणि ही स्मृती जेथे जुळत नाहीत तेथेच खरे संशोधन सुरू होते.

टिकते ते कोणामुळे

मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये सुरू केलेले 'दीनमित्र' हे साप्ताहिक तरवडीसारख्या खेड्यातून १९६७ पर्यंत चालले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची 'मूकनायक' (१९२०) व 'बहिष्कृत भारत' (१९२७) ही पत्रे महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये एकत्र पुनर्मुद्रित केली आणि त्यानंतरच ती खऱ्या अर्थाने महाविद्यालयीन वर्गात पोहोचली. त्या पुनर्मुद्रणापूर्वी आंबेडकरांच्या मराठी गद्यावर लिहिणारे किती होते आणि नंतर किती झाले, याचा विचार केला म्हणजे जपणुकीचे मोल कळते. अंक टिकतात ते आपोआप नव्हे. एक घर, एक संस्था किंवा एक अभ्यासक ते टिकवायचे ठरवतो, म्हणून टिकतात.

खानदेशातील महाविद्यालयांना या कामात पुष्कळ करता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. शहादा, तळोदे, नंदुरबार, दोंडाईचे येथून गेल्या साठ-सत्तर वर्षांत निघालेल्या लहान साप्ताहिकांची नुसती यादी करणे, हा एम. ए. च्या एका वर्गाचा वर्षाचा उपक्रम होऊ शकतो. पत्राचे नाव, संपादक, छापखाना, पहिला व शेवटचा उपलब्ध अंक आणि तो कोणाच्या घरी आहे, इतक्या पाच नोंदी पुरेत. अंक मालकाकडेच राहू द्यावेत. केवळ छायाचित्रे काढावीत. ती काढताना मथळ्याची पट्टी, तारीख आणि पृष्ठांक चौकटीत यायलाच हवेत. कात्रण नको, पूर्ण पान हवे. फायलींना नाव देताना वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवावा आणि तीन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. विद्यापीठात जमा होणाऱ्या प्रबंधांना अशा याद्या परिशिष्ट म्हणून जोडल्या, तर पुढच्या अभ्यासकाला शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत दरवर्षी कोठल्या ना कोठल्या माळ्यावरून वृत्तपत्रांचे गठ्ठे खाली उतरतात आणि रद्दीच्या तराजूत जातात. त्यांत जुन्या साप्ताहिकाची एखादी बांधीव फाइल असू शकते. ती तराजूत पडण्याआधी निदान पहिले पान उलटून पाहावे, नाव व तारीख वहीत टिपून घ्यावी. पुढे कोणी तरी शहाद्याचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला पहिला आधार त्या नोंदीचाच मिळेल.